‘येतो’ म्हणणारी मेमसाहेब

दिग्रसला आमचं घर जिनिंगच्या मागच्या ओळीत होतं. दिवाळी झाली की पुढचे चार महिने आम्ही रोज थोडा थोडा कापूस खात होतो, असं मी नातीला सांगते तेव्हा ती मला थापाडी म्हणते. पण भिंतीपलीकडे मशीन चालू असलं की वरणावर तंतू, चहावर तंतू, वेणीत तंतू, आणि बाबा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. ते तिथे मिस्त्री होते. आई त्यांना दारातच उभं करून जुन्या लुगड्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. मशीनची घरघर एवढी की आमच्या घरात हळू बोलणं कोणाला ठाऊकच नव्हतं. मीठ मागायचं तरी ओरडून. रविवारी मशीन बंद असायचं, आणि त्या दिवशी आपलाच आवाज ऐकून आम्हाला कसंनुसं व्हायचं. ताई लग्न होऊन पुसदला गेली होती, घरात आम्ही तिघंच, तरी नवख्या माणसाला वाटावं की आत दहा जण भांडताहेत.

अशा घरातली मुलगी बाहेर मुकी होती, हे आता कोणाला पटत नाही. मला ओळखणारे तर हसतातच. पण चार-पाच वर्षं मी खरोखर मुकी होते. नववीत असताना शाळेनं मला यवतमाळला वक्तृत्व स्पर्धेला पाठवलं. आई सोबत आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. विषय झाडांचा होता. भाषण तोंडपाठ होतं, पण माईकसमोर उभी राहिले आणि गुरुजींनी लिहून दिलेली पहिली ओळच विसरले. मग तोंडात घरचं आलं. मी म्हणाले, मी तुमाले आज झाडायची गोठ सांगतो. आमच्याकडे बाईसुद्धा ‘मी सांगतो, मी येतो, मी करतो’ असंच म्हणते. आजी म्हणायची, आई म्हणायची, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. परीक्षकांनी हात वर करून मला थांबवलं आणि अगदी मायेनं विचारलं की बाळ, तू मुलगा आहेस की मुलगी. सगळं सभागृह हसलं. मला ती झाडं, ती पानं, सगळं पुढचं आठवत होतं, पण आवाज फुटला नाही, आणि मी तशीच खाली उतरले. परतीच्या एसटीत आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती माझ्यावर चिडली आहे असंच मी समजत होते. त्यानंतर चारचौघांत मी तोंड उघडलं नाही. कॉलेजात हजेरीला तेवढं ‘यस सर’ म्हणायची, कारण इंग्रजीत मुलगा-मुलगी हा घोळ नव्हता.

हे प्रकरण मी मोबाईलला सांगून लिहिते आहे, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी ‘मले’ म्हटलं की मोबाईल ‘मळे’ लिहितो. ‘काहून’, म्हणजे ‘का’, म्हटलं की ‘कानून’ लिहितो. म्हणजे परीक्षक अजून खिशात आहेतच. फरक एवढा की आता मी त्यांना दटावते आणि ते मुकाट्यानं खोडतात.

तर मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी बातमी आणली. जिनिंगसमोरच्या चहाच्या टपरीवर एक कागद चिकटवला होता. गावातलं हौशी नाट्यमंडळ एक इंग्रजी नाटक मराठीत करणार होतं आणि त्यासाठी माणसं निवडणार होतं, बायासुद्धा. निवडणार होते बोबडे सर. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, पुण्यात शिकून आलेले, आणि आडनाव बोबडे असून शुद्ध उच्चारांचे कट्टर. त्यांच्यासमोर कोणी ‘पानी’ म्हटलं तर तहानलेल्या माणसाला ते तसंच उभं ठेवायचे, असं पोरं म्हणायची. नाटकाचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं होतं. बाबांनी कागदावरचं सगळं पाठ करून आणलं होतं. ते स्वतः तरुणपणी गावच्या दंडारीत बाईचं सोंग घेत, लुगडं नेसून, रात्रभर नाचत-गात, आणि ती हौस त्यांच्या अंगातून गेलीच नव्हती. ते म्हणाले, जाय तू. मी नाही म्हणाले. पण त्या दिवसापासून तो कागद माझ्या डोक्यात बसला. मनातून मला पाहायचं होतं की माझा आवाज गेला तो कायमचाच गेला, की कुठे अडकून पडला आहे. तो परत मिळाला तर तिथेच मिळेल, असं मला का कोण जाणे वाटत होतं. शेवटी मी नाव दिलं.

आई सरळ विरोधात होती. नाटकातल्या पोरीला कोण करतं वगैरे ती बोललीच, पण ते तोंडदेखलं होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. खरं ती एकदाच बोलली, चुलीपाशी, माझ्याकडे न बघता. ‘पुन्हा हासतीन तुले. मले नाही पाहावत.’ त्यावर बाबांनी बाहेरून ओरडून सांगितलं की हासाचंच नाटक आहे ते, नाही हासले तर पंचाईत.  आईनं आमच्या दोघांशी बोलणं बंद केलं, आणि आमच्या घरात ते बंद झालं की मशीन बंद पडल्यासारखं वाटायचं.

नाटक इंग्लंडातल्या एका घरातलं होतं. मिसेस हॉपकिन्सनं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं असतं की नवरा मोठा साहेब आहे. असतो तो गोदामातला कारकून. आणि त्याच्या खऱ्या साहेबाची बायको चहाला यायची असते. त्या एका दुपारी केक जळतो, नवरा नळ दुरुस्त करणाऱ्यालाच पाहुणा म्हणून बसवतो, मिसेस हॉपकिन्स, म्हणजे आमची मेमसाहेब, दर दहा मिनिटांनी चिडून माहेरी निघते आणि दर वेळी काहीतरी विसरलं म्हणून परत येते. सरांनी दोन पानं आधीच वाटली होती. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो की मी ती पानं मांडीवर ठेवायची. त्या दिवसांत रोज सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा असायचा, त्यामुळे सोलायचं काम कधी संपत नसे. मी सोलता सोलता ‘आणि, पाणी, लोणी, कोणी’ घोकायची. बाबा सोबतीला म्हणायचे, पण त्यांचं ‘आनि, पानी, लोनी, कोनी’ व्हायचं, आणि त्यांना दोन्हीतला फरक कानाला लागत नव्हता. मग ते उठून मला चालायला शिकवायचे. मेमसाहेब म्हणजे टाच आधी टेकते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मेमसाहेब कधी पाहिली होती देव जाणे. आई सोले वेगळे करत खाली मान घालून बसायची, पण एकदा बाबा टाच टेकवत अंगणातून आले तेव्हा ती तोंडाला पदर लावून आत गेली.

निवड रविवारी सकाळी होती, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. दहा-बारा जण होते. नवऱ्याचं काम आधीच ठरलेलं होतं, ते पोस्टातले सुधाकरभाऊ करणार होते, गोल चेहऱ्याचे आणि कशानंही न चिडणारे. मेमसाहेबच्या कामासाठी आम्ही दोघीच. दुसरी अनुपमा, तहसील कचेरीत बदलून आलेल्या साहेबांची मुलगी, नाशिककडची. तिचं बोलणं ऐकलं आणि माझा अर्धा जीव गेला. तिच्या तोंडात ‘ण’ जन्मापासून राहत होता. ती चांगली मुलगी होती, तिनं मला बसायला जागा करून दिली, तरी त्या क्षणी मला ती अजिबात आवडली नाही.

सरांनी आधी सगळ्यांकडून ‘आणि, पाणी, लोणी’ म्हणवून घेतलं. मी पास झाले. मग पहिलं पान वाचायला दिलं, चहाच्या तयारीचं. मी एकही चूक केली नाही. प्रत्येक ‘जाते’ आणि ‘करते’ जागच्या जागी. पण ते मेलेलं होतं, माझं मलाच कळत होतं. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं मी केकबद्दल बोलत होते. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, ठीक. अनुपमा वाचून गेली, तिच्या दोन-तीन वाक्यांना लोक हसले, आणि सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला घरी निघून जावंसं वाटलं.

दुसरा प्रवेश भांडणाचा होता. मेमसाहेब बॅग उचलते, नवऱ्याला चार शब्द सुनावते आणि दारात वळून म्हणते, ‘मी जाते. कायमची जाते.’ हातात बॅग हवी म्हणून सरांनी पानं काढून घेतली. सुधाकरभाऊ खुर्चीत बसले होते. मी सुनावायला सुरुवात केली तर त्यांनी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडून खायला लागले. माझ्याकडे बघेनात. मी आवाज चढवला. ते एक दाणा नीट बघून, फुंकर मारून तोंडात टाकत होते. मला खरोखरचा राग आला. इतक्या दिवसांचं सगळं वर आलं, तो परीक्षक, आईचं गप्प बसणं, अनुपमाचा ‘ण’. मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही, पण ते सरांच्या पानावरचं नव्हतं. ‘माहं डोकं फिरून राह्यलं अन् तुमाले शेंगा सुचून राह्यल्या’ असं काहीसं होतं. बॅग उचलली, टाच टेकवत दारापर्यंत गेले, वळले, आणि म्हणाले, ‘येतो मी.’

आता ‘जातो’ म्हणून घराबाहेर पडायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. तिरडी सोडली तर कोणी ‘जातो’ म्हणून निघत नाही. ते माझ्या हाडात बसलेलं. नवऱ्याला कायमचं सोडून निघालेली बाई उंबऱ्यात वळून ‘येतो मी’ म्हणाली, आणि वर्गात हशा फुटला. सुधाकरभाऊंना शेंगदाण्याचा ठसका लागला. कोणीतरी बाक बडवला. आणि मी त्या दारात पुन्हा नववीतली झाले.  ‘येतो’ म्हटलं होतं मी, ‘येते’ नाही, ‘जाते’ तर नाहीच. एका शब्दात दोन चुका.

सर हसून डोळे पुसत होते. त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि मला म्हणाले की तू छान केलंस, तुझं काम पक्कं, तू मोलकरीण कर. हीच भाषा ठेव, लोक डोक्यावर घेतील. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सरांच्या भाषांतरात एक मोलकरीण होती, मेरी नावाची, अकरा वाक्यांची. ती इंग्लंडातली असून ‘व्हय जी, बाईसाब’ असं कोल्हापूरकडचं बोलायची. मेमसाहेब अनुपमा. सगळं किती सोपं होतं. मान हलवली असती तर मला नाटक मिळालं होतं, टाळ्या मिळाल्या होत्या, आणि कोणी मला वाईट म्हटलं नसतं. मी मान हलवणारच होते. मग मला एकदम वाटलं की आता हो म्हटलं तर यवतमाळचा तो परीक्षक बरोबर ठरतो, आणि मीच त्याला बरोबर ठरवते. आवाज आधी बारीक निघाला, नंतर आमच्या घरातला निघाला, मशीनवर ऐकू जाणारा.

‘सर, मोलकरीण कराची मले लाज नाही. माही मावशी लोकायच्या घरी भांडे घासते. पन मले एक सांगा. तिकडं इंग्लंडात मेमसाहेब अन् मोलकरीण दोघीही इंग्रजीच बोलतेत ना? मंग इकडं आल्यावर माही बोली मोलकरणीलेच काहून देली?’

 मला वाटलं आता सर बाहेर काढणार. चार-पाच वर्षांत मी लोकांसमोर एवढं बोलले नव्हते, आणि बोलले ते थेट बोबडे सरांना. पण खरं सांगायचं तर छातीत गच्च आनंद भरला होता. काम गेलं तर गेलं, आवाज होता. तो कुठे गेलाच नव्हता.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग ते बोलले, आणि पहिल्याच शब्दाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘माही माय आपल्याच जिल्ह्यात मुकुटबनले राह्यते,’ ते म्हणाले. ‘मी पुन्यावरून आलो तं तिनं गावभर सांगतलं, माहा पोरगा आता रेडिओवानी बोलते. मले तवा वाटलं कौतुक करून राह्यली.’   मग त्यांनी चष्मा घातला आणि मला हात केला. ‘म्हन बरं पुन्हा. दारापासून.’

मी पुन्हा म्हणाले. सुधाकरभाऊंनी पुन्हा शेंगा फोडल्या. लोक पुन्हा हसले, अगदी तसेच, आणि या वेळी मी उभी राहून ते हसणं ऐकलं. त्यात मी मुलगा की मुलगी हे कोणी विचारत नव्हतं. पुढच्या बाकावरचे एक मास्तर शेजारच्याला सांगत होते की आमची बायको अशीच निघते. सर उठून फेऱ्या मारायला लागले. त्यांचा विचार तोंडानंच चालू होता, अर्धा पुण्याचा अर्धा मुकुटबनचा. आपण सगळे काय करतो, पाहुणे आले की शुद्ध बोलतो आणि पाहुणे गेले की आपलं. मग ही बाई तेच करेल. दाराची घंटा वाजली की ‘या, बसा, चहा घेणार ना?’ आणि दार लागलं की नवऱ्याला ‘काहून जी, केक कायले जाळला?’ साहेबाची आहे ही असं आळीला दाखवायचं आहे ना तिला, मग बोलण्यातच दाखवेल. त्यांनी तिथल्या तिथे घंटा म्हणून डबा वाजवला आणि आम्हाला करायला लावलं. डबा वाजला की मी अनुपमासारखी व्हायची, डबा थांबला की आईसारखी. तिसऱ्यांदा लोक हसले तेव्हा मी पण हसले, आणि सर त्यासाठी मला रागावले. नटानं हसायचं नसतं.

अनुपमानं स्वतःच सांगितलं की तिला साहेबाची बायको करायला आवडेल, आणि हे भांडण काही तिला जमणार नाही. पुढे तिनं ते काम इतकं थंडगार केलं की ती आत आली की प्रेक्षकसुद्धा सावरून बसत. आमचे त्या वर्षी तीन प्रयोग झाले, सगळ्यात जास्त दाद दिग्रसलाच मिळाली, आणि एका समीक्षकानं आम्ही इंग्लंडाचं वातावरण घालवलं असं लिहिलं. त्याचं बरोबर होतं. मोलकरीण शेवटी एका मुलानं केली, आणि सरांनी तिची अकराही वाक्यं अशी शुद्ध करून ठेवली की घरात सगळ्यात सुसंस्कृत तीच वाटायची. माझ्या आयुष्यात पुढे जे बोलणं झालं, शिक्षिका म्हणून तीस-बत्तीस वर्षं, त्याची सुरुवात मी त्या चित्रकलेच्या वर्गापासून धरते.

निवडीच्या त्या दुपारी मी घरी पळतच आले. बाबा मला गाठायला चौकात जाऊन उभे राहिले होते आणि मी दुसऱ्या गल्लीनं आले, म्हणून आमची चुकामूक झाली. घरात आई एकटी होती. मशीन बंद, त्यामुळे तव्यावर भाकर फिरवल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी चुलीशी जाऊन बसले. तिनं आठ दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि काम मिळालं का, काय ठरलं, हे काहीच विचारलं नाही.

‘हासले?’

‘हासले.’

तिचा हात तव्यावर तसाच थांबला. यवतमाळहून येताना खिडकीकडे वळलेला तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला नव्हता. तो आता पाहिला. तिला माझा राग कधी आलाच नव्हता.

‘मंग?’ तिनं विचारलं.

‘मंग सरांनी पुन्हा म्हनायले लावलं, माय. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हासले. मंग अजून एकदा.’

भाकर जळायला लागली होती. आईनं ती उलटली, काळी बाजू थोडा वेळ बघत राहिली, आणि मग हळू आवाजात, आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही इतक्या हळू, म्हणाली, ‘पाहाले येऊ देतेत का आमाले?’